पुरचुंडीतला वारा

१

बेनसन कापेम्बवाच्या अंगावरचे कपडे उतरवताना त्याच्या सदऱ्याच्या खिशातून तपकिरीची डबी निघाली. झाकण उघडं, आत चिमूटभर पांढरी पूड, आणि तीच पूड खिशाच्या शिवणीत भरलेली. आता, कापेम्बवा काही तपकीर ओढणारा माणूस नव्हता. मग लोकांना तेवढं पुरलं. म्फुवेच्या बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बायकासुद्धा सांगायला लागल्या, की वनरक्षकाला हत्तिणीनं मारलं ते उगाच नाही. करणी होती, आणि करणारा लेव्हिसन शावा.

लेव्हिसन शावा म्हणजे त्या सकाळच्या पायी सफरीचा गाइड. लुआंग्वा नदीच्या काठच्या जंगलात पायी फिरायची रीत ठरलेली आहे. सगळ्यात पुढे रायफल घेतलेला सरकारी वनरक्षक, त्याच्यामागे गाइड, मग पाहुणे, आणि शेवटी किटली नि बिस्किटं घेतलेला चहावाला. एका रांगेत, तोंड बंद ठेवून. वनरक्षकानं समोर बघायचं आणि गाइडनं वारा बघायचा. वारा तोंडावर असला तर जनावराला पत्ता लागत नाही. वारा पाठीवर असला तर तुमचा वास तुमच्या आधी जाऊन पोचतो, आणि मग देवच राखणारा.

लेव्हिसननं वारा बघितला होता. वारा पडलेला होता. आणि तरी झुडपातल्या हत्तिणीला वास गेला, ती पिल्लू पोटाशी घेऊन बाहेर आली, आणि कापेम्बवा गेला.

कॅम्पमधल्या आपल्या गवताच्या झोपडीच्या दारात लेव्हिसन बसून होता. कालपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. झेलिपा स्वैपाकीणबाईनं न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा नि भाजी आणून ठेवली होती, ती तशीच वाळून गेली. दाराच्या खांबाला त्याची राखेची पुरचुंडी टांगलेली होती. जुन्या मोज्याची पुरचुंडी. झटकली की राख उडते आणि वारा कुठला ते कळतं. काल परत आल्यावर त्यानं ती खांबाला अडकवली, तेव्हापासून तिला हात लावायचा त्याला धीर होत नव्हता. खांबावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. चढा, तो मनाशी म्हणाला. मरणाचा वास तुम्हालाही लागला म्हणायचा.

परवाना जाणार हे त्याला दिसत होतं. कदाचित तुरुंगही. पण ते सगळं एकीकडे. खरा घाव वेगळाच होता. कापेम्बवाच्या बायकोनं, बाना मुसोंडानं, निरोप पाठवला होता: "शावाला म्हणावं, मातीला येऊ नकोस. तुझं तोंड बघायचं नाही मला."

माती आज दुपारी होती. त्याआधी चौकशी उरकायची म्हणून चिपाटाहून इन्स्पेक्टर नासिलेलेबाई आल्या. चांगल्या धिप्पाड, सावकाश चालणाऱ्या, पदराला नाही पण रुमालाला उकडलेल्या शेंगा बांधलेल्या. पार पश्चिमेकडच्या, लोझी लोकांतल्या. इथलं त्यांना कुणी ओळखीचं नव्हतं. गाडीतून उतरल्या, लेव्हिसनसमोर खुर्ची ओढून बसल्या, एक शेंग फोडली आणि रामराम ना श्यामराम, एकदम म्हणाल्या:

"शावा, परवा संध्याकाळी शेकोटीपाशी तू सगळ्यांदेखत म्हणालास, की या कापेम्बवाला मी हत्तीच्या पायाखाली घालीन. मग? घातलास?"

२

लेव्हिसननं नजर मुंग्यांकडे वळवली.

"म्हणालास की नाही?"

"म्हणालो, अमाई."

मोठ्या बायांना इकडे अमाईच म्हणतात, मग ती आई असो की पोलीस.

"का?"

"त्याच्या आधी तो म्हणाला, तुम्ही न्गोनी उंदीर खाऊन खाऊन उंदराएवढ्या काळजाचे झालात. मग मी म्हटलं, माकडखाऊ बेम्बा, उद्या तुला हत्तीच्या पायाखाली घालतो आणि तुझ्या बायकोला घेऊन येतो. मग तो म्हणाला, घेऊन जा, तिचं घोरणं ऐकून तिसऱ्या दिवशी परत आणून सोडशील." लेव्हिसनचा आवाज चिरकला. "सोयरे आहोत आम्ही. न्गोनी आणि बेम्बा. आमच्या आज्या-पणज्यांनी लढाया केल्या नि शेवटी ठरवलं, आता एकमेकांना नुसतं बोलून मारायचं. सोयऱ्यानं काही बोललं तर राग धरायचा नाही. सोयऱ्यानं खोड काढली तर पोलिसात जायचं नाही."

"आणि सोयरा मेला तर?"

"तर त्याचा खड्डा आम्ही खणायचा. आणि खड्ड्यापाशी त्याची थट्टा करायची. घरचे रडतात, आम्ही हसवायचं. सोयरा नसला तर ती माती पुरी होत नाही."

"आमचं टोंगा लोकांशी तसंच आहे," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "माझ्या लग्नात एका टोंग्यानं माझी चप्पल पळवली. नवरा मिळाला पण चप्पल अजून मिळाली नाही." मग पुन्हा शेंगेकडे वळून म्हणाल्या, "बरं, काल सकाळचं सांग. पहिल्यापासून सांग, आणि गिळू नकोस काही."

लेव्हिसननं सांगितलं. थंडीचे दिवस, नदीवर धुकं. कापेम्बवा, तो, इंगर नावाची डेन्मार्कची म्हातारी डॉक्टरीणबाई, आणि मागे योतामू चहावाला. नदी सोडताना त्यानं पुरचुंडी झटकली. पूड सरळ खाली पडली, दगड पडावा तशी. कापेम्बवानं मागे वळून बघितलं आणि दात काढले.

"हसला?"

"तो कशालाही हसायचा, अमाई."

पुढे रोजच्या रिवाजानं चिंचेखाली चहाला थांबायचं. तिथवर पोचले, तर वाटेवर सिंहिणीचे ताजे ठसे. इंगरबाईंचे डोळे चमकले. म्हणून लेव्हिसननं चहा पुढे ढकलला. आधी सिंहीण, मग चहा.

"तेव्हा कापेम्बवा म्हणाला, सोयऱ्या, चहा? मी म्हटलं, नंतर. जरा वेळानं झुडपाच्या तोंडाशी आलो. मी पुन्हा पुरचुंडी झटकली. तसंच, सरळ खाली. तो परत म्हणाला, अरे, चहाचं काय झालं? थांबू या ना." लेव्हिसन थांबला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी म्हटलं, माकडं चहा पीत नाहीत. चल पुढे. हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं, अमाई. माकडं चहा पीत नाहीत. मग तो पुढे झाला. मी हात धरून चालवलं असतं तरी इतकं नीट त्याला मरणात नेलं नसतं."

इन्स्पेक्टरबाईंचा शेंग फोडणारा हात मध्येच राहिला.

"रोज किती चहा प्यायचा तो?"

"कोण, कापेम्बवा? कधीच नाही. चहा म्हणजे गोऱ्यांनी उकळलेला पालापाचोळा, असं म्हणायचा. चिंचेखाली आम्ही प्यायचो नि तो आमच्या तोंडाकडे बघून वेडावायचा."

"चहाचा थेंब न पिणारा माणूस," बाई हळूच म्हणाल्या, "दोनदा चहा मागतो. आणि तू गाइड असून तुला त्याचं नवल वाटलं नाही."

लेव्हिसन उत्तर देणार, तेवढ्यात योतामू चहावाला धापा टाकत आला.

"अमाई, चला लवकर! त्या इंगरबाई म्हणतायत त्यांनी बघितलं. हत्तीण यायच्या आधी कापेम्बवादादानं खिशातली डबी काढून पांढरी पूड उधळली. झुडपाकडे तोंड करून. मंत्र टाकतात तशी!"

३

इंगरबाई तंबूच्या सावलीत बसल्या होत्या. डोळे सुजलेले. बोलायच्या इंग्रजीत, तेही मोडकंतोडकं, पण इन्स्पेक्टरांना तेवढं पुरलं.

"चूक माझी आहे," त्यांनी सुरुवातच तशी केली. "ठसे बघून मीच हट्ट धरला. मीच म्हटलं, चहा काय, डेन्मार्कला गेल्यावर पिईन."

"त्यांनी पूड उधळली ते सांगा."

"फोटो काढायला मी थोडी मागे राहिले होते. झुडपाच्या तोंडाशी बेनसन थांबला. त्यानं मानेवर हात ठेवला, असा, मागच्या बाजूला. मग खिशातून काहीतरी काढलं, बोटानं उडवलं. पांढरी वाफ. ती झुडपात गेली."

"झुडपात? खाली नाही पडली?"

"नाही, नाही. पुढे गेली. तरंगत. मला वाटलं, प्रार्थना करतोय. मग त्यानं वळून आमच्याकडे बघितलं आणि..." इंगरबाईंनी ओठ दाबले. "मी पुष्कळ माणसं मरताना बघितली, कामच होतं माझं. पण जिवंत माणसाचा चेहरा असा झालेला मी बघितला नव्हता. हत्तीण अजून आली नव्हती हो. तरी त्याला माहीत होतं."

लेव्हिसन मागे उभा होता. त्यालाही तो चेहरा आठवत होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, सोयरा आपल्याला दोष देतोय.

"मग हत्तीण आली," तो म्हणाला. "शेजारीच जाड बुंध्याचं झाड होतं. मी ओरडलो, आड हो! त्यानं मला आणि बाईंना मागे लोटलं आणि स्वतः पुढे गेला. पोटाशी पिल्लू होतं म्हणून पहिली गोळी हवेत झाडली. दुसरीला वेळ मिळाला नाही."

इन्स्पेक्टर योतामूकडे वळल्या. "तू सगळ्यात मागे?"

"हो, अमाई."

"दोनदा तू गाइडच्या परीक्षेला बसायला मागितलंस. दोनदा शावानं शिफारस केली नाही. खरं?"

योतामूनं मान खाली घातली. चाळिशीचा माणूस, केस पिकायला लागलेले. खाणाखुणा करून हसवणारा, पण आज चेहरा उतरलेला. "खरं. पण त्याचा राग नाही मला. म्हणजे आहे थोडा. पण असा नाही."

"असा म्हणजे कसा?"

"अमाई, मला वारा लागत होता."

त्यानं मानेवर हात ठेवला.

"मानेला," योतामू म्हणाला. "इथे. अगदी बारीक, फुंकर घातल्यासारखा. चिंचेपासूनच. मला कळत होतं, वारा पाठीवर आहे. पण गाइडदादा पुरचुंडी झटकून म्हणाले, वारा पडलाय. चहावाल्यानं गाइडला वारा शिकवायचा का? म्हणतील, बघा, परीक्षा द्यायची म्हणून आतापासूनच शहाणपणा. म्हणून गप्प बसलो." तो एकदम रडायला लागला. "बोललो असतो तर वाचला असता. किटलीच्या ओझ्यापेक्षा माझं तोंड जड झालं होतं हो!"

लेव्हिसननं योतामूच्या मानेकडे बघितलं. म्हणजे वारा होता. डोंगराएवढा नसेल, पण होता. चहावाल्याला कळला, रायफलवाल्याला कळला. वारा बघणारा गाइड मात्र थंडीत कान-मान झाकणारी लोकरी टोपी घालून पुरचुंडीवर भरवसा ठेवून चालला होता. गेल्या रात्रभर त्याला वाटत होतं की कदाचित वारा ऐन वेळी फिरला असेल. तेवढा एक धागा होता हातात, तोही तुटला.

"लिहा अमाई," तो म्हणाला. "मीच मारला. लिहा नि मोकळ्या व्हा."

"गप्प बस," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "वारा म्हणतो मी होतो. पुरचुंडी म्हणते नव्हता. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि वाऱ्याला खोटं बोलायची सवय नाही. कुठाय ती पुरचुंडी?"

४

पुरचुंडी होती तिथेच होती. मुंग्यांची रांग आता दुपटीनं जाड झाली होती. वर रिकाम्या जाणाऱ्या आणि खाली प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण.

इन्स्पेक्टर वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झेलिपाला बोलवा."

झेलिपा हात पुसत आली. कॅम्पचा स्वैपाक हिच्या हातचा. बाई कडक, गाइडपासून पाहुण्यापर्यंत कुणाचीही भीड न ठेवणारी. आज मात्र नजर वर करीना.

"झेलिपा, तुझ्या पिठाच्या पिंपाला मुंग्या लागू नयेत म्हणून काय करतेस?"

"राख टाकते भोवती. सगळेच टाकतात."

"मुंग्या राख ओलांडतात?"

"राखेला शिवतसुद्धा नाहीत."

"मग या काय वेड्या झाल्यात?" इन्स्पेक्टरांनी पुरचुंडी काढली, बोट आत घातलं आणि जिभेला लावलं. मग तोंड वाकडं न करता गिळलं. "मक्याचं पीठ. चांगलं बारीक दळलेलं, तुझ्या न्शिमाचं. शावा, तुझी राख कसली असते?"

"ज्या झाडाचं लाकूड पाण्यात बुडतं त्याची," लेव्हिसन कसाबसा म्हणाला. "चुन्यासारखी पांढरी राख. फार हलकी."

"पांढरं ते पांढरं. धुक्यातल्या उजेडात तुला फरक कसा कळावा? आणि थंडीच्या दिवसांत ओल धरलेलं पीठ. ते बारक्या वाऱ्यावर काय उडणार? सरळ खाली पडणार. तू बघितलंस ते बरोबरच बघितलंस. फक्त राख बघितली नाहीस."

मग काय विचारता! सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून योतामूकडे. परीक्षा नाकारलेला माणूस. रोज पहाटे सामान बांधणारा माणूस. लेव्हिसननं त्याची गचांडी धरली.

"तू? दोन वेळा नाही म्हटलं म्हणून? अरे, जीव घ्यायचा होता तर माझा घ्यायचास!"

"आईशप्पथ नाही, दादा! माझ्या पोरांची शप्पथ!"

"सोडा त्याला!" झेलिपा किंचाळली. "सोडा. पीठ मी दिलं."

लेव्हिसनचा हात सुटला.

झेलिपा मट्कन खाली बसली. "पहाटे तो आला. कापेम्बवा. म्हणाला, झेलिपा, मूठभर पीठ दे. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, उंदराचा सापळा लावायचाय. आणि इतका हसत होता की त्याला उभं राहवत नव्हतं. मला वाटलं असेल काहीतरी खोडी. मी पण हसले. दिलं." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "कालपासून पीठ मळायला हात घालते नि तीच मूठ दिसते मला. कुणाला सांगू? माझ्याच मुठीनं गेला की हो तो."

"कापेम्बवा?" लेव्हिसन म्हणाला. "त्यानं स्वतः? का? माझ्याशी काय वैर होतं त्याचं?"

५

"डबी आण," इन्स्पेक्टर ड्रायव्हरला म्हणाल्या. कागदात बांधलेली तपकिरीची डबी आली. त्यांनी तिच्यातही बोट घातलं, चाटलं, आणि या वेळी थुंकल्या.

"राख. शावा, ही तुझी राख."

खांबावरच्या मुंग्या आता जागा चुकून गोंधळल्या होत्या.

"मी वाटेत येताना सगळ्यांकडून एकच ऐकत होते. करणी, मंत्र, विष. पण बघ हं. ज्याला तुझं वाईट करायचं असतं, तो तुझी राख काढून काय करतो? फेकून देतो. चुलीत टाकतो. डबीत जपून, खिशात घालून बरोबर घेऊन जातो का? राख जपून कोण ठेवतो? ज्याला ती परत द्यायची असते तो."

इन्स्पेक्टरांनी डबीचं झाकण लावलं.

"त्याला उंदीर पकडायचा होता. उंदीर म्हणजे तू. न्गोनी गाइड नदीपाशी पीठ झटकतो, मोठ्या ऐटीत म्हणतो, वारा पडलाय. आणि चिंचेखाली, पाहुण्यांदेखत, बेम्बा सोयरा डबी काढून विचारतो, काय रे उंदीरखाऊ, न्शिमा वाऱ्यावर शिजवतोस का? वर्षभर पुरेल असा विनोद. नदीपासून चिंचेपर्यंत नुसतं मोकळं वाळवंट, जनावर लांबून दिसतं, वाऱ्याचं काही अडत नाही. धोका झुडपाचा, आणि झुडपाच्या आधी चहा. त्यानं हिशेब नीट केला होता. म्हणून तो हसला. आणि म्हणून चहा न पिणाऱ्यानं दोनदा चहा मागितला."

"मग सरळ सांगायचं ना!" लेव्हिसन ओरडला. "तोंड होतं की त्याला! सांगायचं ना, पीठ आहे म्हणून!"

"सांगणारच होता. एक थांबा हवा होता त्याला फक्त. नीट जमवलेला विनोद वाया घालवायला कुणाचं मन होतं? तुझं झालं असतं? वारा पडलाय असं त्यालाही वाटत होतं. झुडपाच्या तोंडाशी मात्र त्याला मानेवर गार लागलं. योतामूला लागलं तसंच. तिथे मात्र त्यानं थट्टा सोडली. डबी उघडली, खरी राख उडवली. राख खाली नाही पडली, झुडपात गेली. तेव्हा त्यानं वळून तुझ्याकडे बघितलं."

लेव्हिसनला तो चेहरा दिसला. दोष देणारा नव्हता तो. काल तो किती चुकीचा वाचला होता आपण! लहान पोरानं भांडं फोडावं नि आईकडे बघावं, तसा होता तो चेहरा.

"आड व्हायला झाड होतं," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "तो झाडाआड गेला नाही. तुम्हाला मागे लोटून पुढे गेला. का गेला ते आता तुला कळलं असेल."

लेव्हिसन उकिडवा बसला. मग म्हणाला, "हे लिहू नका, अमाई. लिहा की शावाला वारा कळला नाही. त्याची बायको, पोरं... आपल्याच थट्टेनं मेला असं म्हणतील लोक. मूर्ख म्हणून पुरतील त्याला."

"आणि तू खुनी म्हणून जगशील?"

"चहाला मी थांबलो नाही. तेवढं तर माझंच आहे ना?"

"ते तुझंच आहे," बाई म्हणाल्या. गोड बोलणं त्यांना जमतच नव्हतं. "त्यातलं थोडं योतामूचं, थोडं झेलिपाचं, थोडं त्या डॉक्टरीणबाईंचं. पण ते कागदावर येत नाही. कागदावर खरं तेवढंच येईल. आणि ते कागदावरून कळण्याआधी बाना मुसोंडाला माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे. मी परकी, मी सांगितलं तर शिवी होईल. मेलेल्याला तोंडावर मूर्ख म्हणायचा हक्क इथे एकाच जातीच्या माणसाला आहे, असं तूच मघाशी म्हणालास."

"तिनं येऊ नको म्हटलंय."

"माझ्या गाडीत बस. आणि योतामू, किटली घे."

६

वनरक्षकांच्या वस्तीमागे, लाल मातीत खड्डा तयार होता. बायांचं रडणं लांबूनच ऐकू येत होतं. लेव्हिसन गाडीतून उतरला तसं ते रडणं थांबलं. माणसं बाजूला झाली, पण वाट द्यायला नव्हे. अंगाला लागू नये म्हणून.

बाना मुसोंडा चटईवरून उठली. "मी काय निरोप पाठवला होता?"

लेव्हिसनला वाटलं, मागे फिरावं. इन्स्पेक्टर गाडीला टेकून उभ्या होत्या, शेंगासुद्धा खात नव्हत्या. मग त्यानं पेटीकडे बघितलं, आणि रोज सकाळी बोलायचा त्या आवाजात, नाही जमलं, पण जवळपास त्या आवाजात, ओरडला:

"ए माकडखाऊ! ऐकतोयस का? जगात कोणी पिठानं वारा बघतो का रे, गाढवा?"

कुणीतरी पुढे आलं त्याला धरायला. बाना मुसोंडानं हात वर केला.

"पीठ? कसलं पीठ?"

"झेलिपाकडून मागून आणलं," लेव्हिसन पेटीशीच बोलत होता, आता डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "माझ्या पुरचुंडीत भरलंस. माझी राख डबीत लपवलीस. उंदीर पकडणार होतास ना? चिंचेखाली मला नाचवणार होतास ना? मग सांगायचं होतंस की लवकर! विनोदाची एवढी हौस, नि शेवट सांगायच्या आधीच उठून गेलास! असा कुठे विनोद असतो? आणि मी तुझ्याहून मोठा गाढव. तू चहा मागितलास नि मी दिला नाही."

बाना मुसोंडा पुढे आली. तिनं लेव्हिसनकडे बघितलं, डबी हातात धरलेल्या इन्स्पेक्टरबाईंकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. सतराशे साठ खोड्या तिनंही सोसल्या होत्या.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली, "माझ्या आईला त्यानं चहात मीठ घालून दिलं होतं. साखरेच्या डब्यात मीठ. आणि साखर कुठे, तर स्वतःच्या खिशात. आई रागावली की लगेच द्यायला." तिचा आवाज फुटला, आणि त्यातून जे बाहेर आलं ते रडणं होतं की हसणं ते तिलाही ठरवता आलं नसतं. "खिशात ठेवायचा. नेहमी. परत द्यायला."

मग तिनं अंगावरच्या कापडाच्या टोकानं नाक पुसलं.

"मग बाहेर काय उभा आहेस, उंदीरखाऊ? उतर खड्ड्यात. सोयरा उतरल्याशिवाय माझा नवरा आत जायचा नाही."

लेव्हिसन उतरला. रिवाजाप्रमाणे त्यानं खड्ड्यात आडवं व्हायचं असतं, आणि म्हणायचं असतं की ही जागा माझी, बेम्बांनी दुसरीकडे जावं. तो आडवा झाला. थंड माती पाठीला लागली. त्याला म्हणायचं सुचेना. वरून कुणीतरी म्हणालं, "काय रे, बीळ आवडलं का?" आणि पहिलं हसू फुटलं, लाजत लाजत, मग आणखी एक.

तो उठून खड्ड्याबाहेर आला. हात वर केला. योतामूनं किटली त्याच्या हातात दिली. पेटी खाली आली, दोऱ्या सुटल्या, तेव्हा लेव्हिसननं किटली वाकडी केली. चहा अजून गरम होता.

"घे," तो म्हणाला. "थांबलोय मी. आता सावकाश पी."